एक माळ होईपर्यंत

"आधी मागचं बटण बंद कर, आई. मग एक माळ होऊ दे. पूर्ण एकशे आठ मणी. आणि मगच बटण लाव."

चारूचा आवाज फोनमधून येत होता आणि मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरच्या त्या पांढऱ्या डबीमागे बोटांनी चाचपडत होते.

"माळ कशाला गं? बाकीचे लोक नेट अडलं की माळ ओढतात का?"

"बाकीचे साठपर्यंत आकडे मोजतात. तुझ्या आकड्यांचा भरवसा नाही. तू वीसवर पोचतेस, तेवढ्यात दूधवाला हाक मारतो आणि तू उठतेस." ती हसली. "माळ मात्र तू अर्धी सोडत नाहीस."

मी बटण बंद केलं, माळ केली, बटण लावलं. डबीवरचे हिरवे दिवे एकामागून एक लागले आणि फोनमध्ये चारूचा चेहरा उमटला. तिच्या लग्नाला तेव्हा सहाच महिने झाले होते. तेव्हा नेट खरंच अडलं होतं. मी जी गोष्ट सांगायला बसले आहे, ती त्यानंतर दीड वर्षानं घडली.

हे गेले तेव्हा चारू कॉलेजात होती. करंजवाड्याच्या या घरात आम्ही दोघीच उरलो. दिवसाचं काही वाटायचं नाही, पण दिवेलागण झाली की घर अंगावर यायचं. तेव्हा चारूनंच नेम सुरू केला. निरांजन लावून समोरासमोर बसायचं आणि विष्णूची चोवीस नावं घ्यायची. एक मी, एक तिनं. मी केशव म्हटलं की ती नारायण, मी माधव म्हटलं की ती गोविंद. अशी पाच आवर्तनं. नियम एकच, दुसरीच्या वाटणीचं नाव आपण घ्यायचं नाही. ती पाणी प्यायला उठली तर मी थांबायचं. तिचं नाव तिच्याच तोंडून यायला हवं.

लग्न होऊन ती सुरतेला गेली, तरी नेम मोडला नाही. तिनंच हट्टानं गुलाबभाऊंना सांगून घरात नेट घेतलं, मला फोन आणून दिला. रोज सात वाजता ती तिकडे तिच्या छोट्या देव्हाऱ्यासमोर निरांजन लावायची, मी इकडे. फोन पाटावर तांब्याला टेकवून ठेवायचा आणि सुरुवात करायची.

त्या वर्षी आषाढी एकादशीला मी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला. कार्तिकीपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. चार महिने एका जागी राहून नामस्मरण करायचं. चारूच्या संसारासाठीच होतं ते. गेल्या काही महिन्यांत ती गप्प गप्प वाटायची. ज्येष्ठात तिनं नोकरी सोडली. विचारलं तर म्हणाली, "घरीच बरं वाटतं गं." मला वाटलं, कूस उजवत नाही म्हणून मनाला लागलं असेल. आईच्या हातात दुसरं काय असतं?

आणि संकल्प सोडून पंधरा दिवस होत नाहीत तोच नेट अडायला लागलं.

म्हणजे असं व्हायचं. दोन आवर्तनं नीट जायची. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात कुठेतरी मी 'प्रद्युम्न' म्हणायची आणि तिकडून 'अनि...' एवढंच यायचं. चित्र गोठायचं. अर्ध्या उघड्या ओठांनी, उघड्या डोळ्यांनी चारू तशीच. मी वाट बघत बसायची. कधी अर्धा मिनिट, कधी दोन. मग एकदम हलायची.

"अडकलं होतं ना गं? नेट स्लो आहे."

"इकडचं असेल. मी बटण बंद करून बघते."

"बघ." तिचा आवाज बारीक व्हायचा. "आज राहू दे. उद्या पूर्ण करू."

अपुरी आवर्तनं साठत गेली, तशी मला भीती वाटायला लागली. कुठेतरी माझ्याकडून चूक झाली असणार. श्रावणात एकदा नैवेद्य दाखवायच्या आधी मी चुकून खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला होता. तो आठवला आणि त्या दिवसापासून मी मीठ सोडलं. तरी अडायचंच. रोज सकाळ-संध्याकाळ बटण बंद करून माळ करायची, बटण लावायची. हिरवे दिवे लागायचे आणि सातला तिसऱ्या आवर्तनात चारू पुन्हा गोठायची.

शेवटी गुलाबभाऊंना बोलावलं.

गुलाबभाऊ महाजन गावाला आधी टीव्हीची केबल द्यायचे, मग नेट द्यायला लागले. पन्नाशी उलटलेले, मिशीला कलप लावणारे. यांच्या वेळेपासूनचं येणंजाणं. ते आले, ओसरीवर पाय धुतले आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"शिवू ना, कुमुदताई?"

"शिवा हो. तुमच्यावाचून कोण बघणार?"

त्यांनी डबी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, हे काय घातलंय याला?"

"रुमाल आहे. धूळ बसते म्हणून क्रोशानं विणला."

"रुमाल नाही हा, स्वेटर आहे. भाद्रपदाचा उकाडा, आणि हे बिचारं स्वेटर घालून बसलंय. तुम्ही बसाल का?" त्यांनी रुमाल काढून माझ्या हातात दिला. डबी उलटी करून तळहातावर आपटली. आतून हळद-कुंकवाची भुकटी पडली, आणि आपट्याचं एक वाळकं पान. "हे बघा. मागच्या दसऱ्याचं सोनंही निघालं."

"पूजा केली होती. सगळ्या यंत्रांची करतो ना आपण?"

"करा ना पूजा, मी कुठे नाही म्हणतो? पण देवाची करता तशी वरवर करा. याच्या नाकात कुंकू घातलंय तुम्ही. श्वास कसा घेईल?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. आणि मनाला बरंही वाटलं. म्हणजे दोष कुंकवाचा होता, नेमाचा नव्हता.

त्यांनी डबी फुंकून, पुसून साफ केली. देव्हाऱ्याच्या पितळी मखराआड होती, ती तिथून काढून समोरच्या खुंटीवर टांगायची म्हणाले. वायर पुरेना. खाली वाकून भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "इथे भोक बुजवलेलं दिसून राहिलंय. हे उघडून इथून वायर काढली तर सरळ जाईल."

"ते नको. चारू लहान असताना तिथून नाग आला होता."

"देवघरात?"

"हो."

"मग राहू द्या बापा." ते चटकन मागे सरले. "वरून काढतो."

दुपारभर खपून त्यांनी वायर नवीन टाकली, टोकं नवीन जोडली. आपल्या फोनवर काहीतरी लावून मला आकडा दाखवला. "पन्नासचा प्लॅन, अठ्ठेचाळीस येऊन राहिलं. सरपंचाकडेसुद्धा एवढं नाही. आता अडलं तर मिशी उतरवीन."

त्या संध्याकाळी तिसऱ्या आवर्तनात मी 'पुरुषोत्तम' म्हटलं आणि चारू 'अधो...' वर गोठली.

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ पुन्हा आले. मिशी जागेवर होती. "उतरवीन, पण आधी खात्री करू." त्यांनी माझ्याच फोनवरून त्यांच्या भावाला व्हिडिओ लावला. भाऊ सुरतेलाच, उधन्याला राहायचा. दहा मिनिटं दोघं भाऊ गव्हाच्या बियाण्याबद्दल बोलत बसले. चित्र स्वच्छ. त्या भावाच्या कानावरचा केससुद्धा दिसत होता.

"बघितलं?" फोन माझ्या हातात देत ते म्हणाले. "गाव तेच, सुरत तीच. तुमची बाजू धडधाकट आहे, ताई. अडचण तिकडची आहे. पोरीच्या घरातलं नेट बघायला सांगा."

"तिला कळेल का?"

"अहो, तिनंच तुम्हाला बटण बंद करायला शिकवलं ना?" मग म्हणाले, "एक करा. पुढच्या वेळी अडलं ना, की घाबरून बटणाकडे पळू नका. तिथेच बसा आणि नीट बघा. काय काय अडलं ते बघा. चित्र आधी जातं की आवाज. आवाज चालू राहतो का. एवढं सांगितलंत, की तिकडच्या माणसाला दुखणं सापडेल."

मी मान हलवली. त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला चारूला साधा फोन लावला. उचलला जावयांनी.

"हां आई, बोला."

परागराव बोलायला फार गोड. लग्नात सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, कुमुदताई, नशीब काढलं पोरीनं.

"परागराव, तुम्ही घरी? सुट्टी आहे का आज?"

"नाही, जेवायला आलोय."

"चारू आहे का?"

"आंघोळीला गेलीय. काही काम होतं?"

"काही नाही. संध्याकाळी चित्र अडकतं ना, म्हणून. इकडचं सगळं नवीन करून घेतलं. गुलाबभाऊ म्हणतात, तुमच्याकडचं..."

"हो आई, इकडचं नेट फार स्लो आहे. मीच बघतोय ते. तुम्ही काळजी नका करू." मग म्हणाले, "हे बाहेरच्या लोकांना कशाला सांगायचं? घरातली गोष्ट आहे."

फोन ठेवला आणि मी तिथेच बसून राहिले. नेट स्लो आहे ही घरातली गोष्ट कशी? आणि दुपारी बाराला आंघोळ? माझी चारू तापातसुद्धा उजाडायच्या आत न्हायची. मग स्वतःलाच समजावलं. लग्न झालं, सवयी बदलतात. सुरतेला पाण्याच्या वेळा वेगळ्या असतील. पण त्या दिवशी बिनमिठाची भाकरीही गेली नाही.

सातला निरांजन लावलं. काडी दोनदा विझली. फोन लागला.

चारूनं निरांजन अगदी जवळ ठेवलं होतं, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला. हल्ली ती तिरकीच बसायची, उजवा गाल अंधारात.

"सरळ बस गं. तोंडावर उजेड येऊ दे."

"डोळ्यांवर येतो दिवा." तिनं मान खाली घातली. "सुरू कर, आई."

"केशव."

"नारायण."

"माधव."

"गोविंद."

पहिलं आवर्तन झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर मी म्हणाले, "संकर्षण."

"वासुदेव."

"प्रद्युम्न."

"अनि..."

गोठली.

माझा हात सवयीनं उठला, बटणाकडे. मग गुलाबभाऊ आठवले. तिथेच बसा आणि नीट बघा.

मी बसले. कान दिला. आवाज आधी जातो की चित्र? तिच्या खोलीतल्या पंख्याला एक लय होती. दर फेरीला टक् व्हायचं. ते टक् येत होतं. टक्... टक्... म्हणजे आवाज चालू होता. मी मनात नोंद केली, उद्या गुलाबभाऊंना सांगायचं की आवाज जात नाही, फक्त चित्र जातं.

मग चित्राकडे बघितलं. चारूचे ओठ अर्धे उघडे. डोळे उघडे, पापणी लवत नव्हती. खांदे ताठ. आणि तिच्या डाव्या हाताला निरांजन.

निरांजनाची ज्योत हलत होती.

मी फोन उचलून डोळ्यांजवळ धरला. पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत एकदा उजवीकडे झुकली, सरळ झाली, पुन्हा झुकली. तिच्या मागच्या उदबत्तीचा धूर वर चढत होता. सगळं चाललं होतं. अडली होती ती फक्त माझी मुलगी.

कुठेतरी किल्ल्या वाजल्या. मग अगदी जवळून, चित्रात न दिसणाऱ्या बाजूनं, हळू, सावकाश आवाज आला.

"झालं नाही अजून?"

चारू हलली नाही.

तो चेहरा मी ओळखला. याआधी एकदाच बघितला होता, याच देवघरात.

ती आठ वर्षांची होती. मी परडी घेऊन फुलं तोडून आले, तर ती देव्हाऱ्यासमोर पाटावर बसलेली, आणि समईच्या पलीकडे, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, फणा काढलेला नाग. भिंतीच्या त्या भोकातून आला होता. तिचं तोंड अर्धं उघडं होतं. काहीतरी म्हणताना राहिलेलं. मी दारातूनच, आवाज न चढवता म्हणाले, "चारू, हलू नकोस. मी येते." आणि ती हलली नाही. मी मागच्या दारानं फिरून गेले, वेताची पाटी घेतली, पावलांचा आवाज न करता मागून आले आणि पाटी त्याच्यावर पालथी घातली. किती वेळ गेला असेल कोण जाणे. तेवढा सगळा वेळ ती आठ वर्षांची पोर समईच्या हलत्या ज्योतीकडे बघत दगडासारखी बसली होती.

मग माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई, मी हललेच नाही."

"म्हणूनच मला येता आलं. तू अशी थांबलीस ना, की मी येणारच. कुठेही असले तरी."

"वचन?"

"वचन."

गावात मी कितीदा कौतुकानं सांगितली होती ही गोष्ट. मला वाटायचं, मी तिला धीर शिकवला.

पुढे पुष्कळ दिवसांनी, मेथी निवडता निवडता, चारूनं मला सांगितलं. "ते खोलीत आले की माझ्या तोंडावर काय दिसेल याची मला भीती वाटायची. रडू फुटलं तर तुला कळलं असतं, आणि तुला कळलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून मी हलायचेच नाही. तुला वाटावं नेट गेलं." हे तिनं मान वर न करता सांगितलं, काड्या वेगळ्या करत. पण हे पुढचं.

त्या संध्याकाळी मी फोन हातात धरून बसले होते. ओरडावं? परागरावांचं नाव घेऊन विचारावं? ते वीतभर अंतरावर होते. मी पाच तासांवर.

मी फोन पुन्हा तांब्याला टेकवला. आवाज होता तेवढाच ठेवला.

"चारू, अडकलेलं दिसतंय गं तुझं चित्र," मी म्हणाले. "असू दे. तू हलू नकोस. मी बघते."

टक्... टक्... पंखा फिरत होता. तिच्या पापण्या एकदाच मिटल्या, उघडल्या.

"...रुद्ध," ती म्हणाली.

"पुरुषोत्तम."

"अधोक्षज."

"नारसिंह."

पुढचं नाव तिचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि चित्र गदकन वर उचललं गेलं. छत दिसलं, पंखा दिसला, मग परागराव. हसत होते.

"आई, नमस्कार. बघितलं ना, किती स्लो आहे? हिलाही त्रास, तुम्हालाही त्रास. तुम्हाला दुपारी म्हटलं होतं, मी बघतो. उद्या हिचा फोन दुरुस्तीला देतोय. चार-सहा दिवस लागतील, जास्तही लागतील. तोवर तुम्ही तुमचा नेम एकट्यानं करा. देवाला काय, सगळं सारखंच."

"खरं आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "देवाला सगळं दिसतं. उद्या कधी देणार फोन?"

"संध्याकाळी. ऑफिसातून आलो की."

"बरं. जेवलात का तुम्ही?"

"नाही अजून."

"जेवून घ्या. चारूला म्हणावं, आई म्हणाली ते लक्षात ठेव."

"काय म्हणालात?" ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते.

"काही नाही हो. फोन हलवू नकोस म्हटलं. हलला की चित्र आणखी बिघडतं."

फोन बंद झाला. निरांजन तेवत होतं. समोर चोविसाची अर्धी राहिलेली ओळ. मी 'नारसिंह' म्हटलं होतं. पुढे 'अच्युत'. तिच्या वाटणीचं. ते मी घेतलं नाही.

तशीच उठले आणि गुलाबभाऊंच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. मला बघून उठले. "काय ताई, पुन्हा अडलं? आता मिशीच काढतो बघा."

"अडलं नव्हतं, गुलाबभाऊ." मी काय बघितलं ते सांगितलं. ज्योतीचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, किल्ल्यांचं सांगितलं. सांगताना मी रडले नाही. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

ते म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, दुखणं तिकडचं आहे." आणि स्वतःच्याच बोलण्याला दचकले. मग त्यांनी भावाला फोन लावला. "सकाळच्या गाडीनं ताई येऊन राहिल्या. तू आणि वहिनी दोघं स्टेशनावर राहा. ताई सांगतील तिथं त्यांच्याबरोबर जायचं. दारात उभं राहायचं. काय विचारू नको, येतील तेव्हा सांगतील." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "मी येतो बरोबर."

"नको. परक्या पुरुषाला घेऊन आई आली, असं म्हणायला त्यांना जागा नको. तुमचा भाऊ-भावजय आहेत तेवढे पुरे. तुम्ही मला गाडीपर्यंत सोडा."

"सोडतो." मग ते घुटमळले. "पण ताई, तुमची शीव?"

सगळ्या गावाला माहीत होतं. दोन महिने झाले होते, मी शिवेपलीकडच्या शेतातल्या वांग्यांनाही गेले नव्हते. कार्तिकी अजून दोन महिने लांब होती.

"उजाडताना या," मी म्हणाले.

झोप आली नाही हे सांगायला नको. संकल्प तिच्यासाठी होता. मोडला तर त्याचं वाईट तिच्यावरच येईल, ही भीती होती. आणि मी देवाला धरून इथे बसले, म्हणून तर ती तिकडे एकटी पडली नाही ना, ही त्याहून मोठी. आई कार्तिकीपर्यंत हलणार नाही, हे तिलाही माहीत होतं. आणि त्यांनाही. मीच कौतुकानं सांगितलं होतं, याच फोनवरून.

पहाटे आंघोळ केली. पूजा केली, रोजच्यासारखीच, एकही फूल कमी नाही. नैवेद्याच्या दुधात बोट बुडवून देवाला म्हणाले, मी जाऊन येते. दुसरं काही सुचलं नाही. कापडी पिशवीत एक लुगडं, पाण्याची बाटली, चार दशम्या घेतल्या. मुलीच्या घरचं आम्ही खात नाही. कपाटातून चारूचा शाळेचा दाखला, पदवीची कागदं काढून पिशवीच्या तळाशी ठेवली. का ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

देव्हाऱ्यासमोरच्या खुंटीवर डबीचे हिरवे दिवे लुकलुकत होते. रुमाल नसलेली ती डबी उघडी-बोडकी वाटत होती. मी हात वर करून मागचं बटण बंद केलं. दिवे एकामागून एक विझले.

बाहेर गुलाबभाऊंनी मोटारसायकल सुरू केली. मी मागे बसले. वेशीबाहेर नाल्यावर पूल आहे आणि पुलाच्या अलीकडे शिवेचा मारुती. तिथपर्यंत आलो आणि मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"थांबा."

त्यांनी गाडी थांबवली. मला वाटतं, त्यांना वाटलं मी परत फिरणार. ते मागे न बघताच म्हणाले, "ताई, मी एकटा गेलो तरी चालेल. मी आणतो पोरीला."

"तसं नाही." मी उतरले. "शीव मी माझ्या पायांनी ओलांडते. तुमच्या गाडीवरून गेले तर दोष तुम्हालाही लागेल. तुम्ही पुढे जाऊन पलीकडे थांबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाडी पुढे नेऊन पुलाच्या त्या टोकाला थांबले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी मारुतीसमोर वाकले. सूर्य अजून वर आला नव्हता. पुलाखालून गढूळ पाणी हळू चाललं होतं. मी पदर खोचला, पिशवी डाव्या काखेत घेतली आणि पुलावर पाऊल ठेवलं. उजव्या हातात माळ होती. बटण मी बंद करूनच निघाले होते. मी पहिला मणी ओढला आणि चालायला लागले.